जेकार्ड

अशोक चौकातून आत, तिसऱ्या बोळात आमची शेड.
चार माग होते, आता दोन.
लेक म्हणते, अप्पा, मागं आवाज कसला यायलाय?
मी म्हणतो, आवाज नाही गं, तुझ्या इंजिनिअरिंगची फी आहे ती.
हसते. फोन तिरका करून लियॉनचं आभाळ दाखवते.
लियॉन नाही अप्पा, लियों. शेवटचा न गिळायचा.
गिळला.

श्रीलता, जावई सुदर्शन आणि सहा वर्षांचा तेजा
मागच्या ऑगस्टात गेले. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट.
आमच्या घरात असल्या आकड्यांवर कुणाचा विश्वास नाही.
माझा बाप सिरसिल्ल्याहून चार महिन्यांसाठी आला होता.

बापाला मराठीचा गंध नव्हता.
मिलमधला जॉबर ओरडायचा, थांब! म्हणजे कुठंतरी धागा तुटलाय.
पहिला शब्द तोच शिकला,
आणि बरेच दिवस समजत होता की थांब म्हणजे धागा.
एकदा दुकानात जाऊन पावशेर पांढरा थांब मागितला.
दुकानदार थांबूनच राहिला.

विमानात माणशी तेवीस किलो.
शेंगाचटणी बसली, कडक भाकरीचा डबा बसला,
कुकरसाठी चादर बाहेर निघाली.
मी काही बोललो नाही.
कपाटावर आहे अजून, भूदेवीनं घडी मोडलेली नाही.

शाळेच्या फॉर्मवर एक चौकोन होता:
घरी कोणती भाषा बोलता?
रात्री फोन. अप्पा, काय लिहू?
आता भांडण तेलुगूत, हिशेब मराठीत,
भाजी कन्नडमध्ये, आणि इस्माईलशी मी जे बोलतो
त्याला तर नावच नाही.
भूदेवी म्हणाली, सोलापूर लिही.
तिनं मराठी लिहिलं. चौकोन लहान होता.
भूदेवीनं काही विचारलं नाही,
फक्त तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच.

तेजा शाळेत बोलत नव्हता.
ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली.
बाई म्हणाल्या, ऐकतोय, ऐकू दे.
मी म्हणालो, नवा बीम आहे, ताण बसायला वेळ लागतो.
श्रीलता म्हणाली, अप्पा, प्रत्येक गोष्टीत माग आणू नका.

मग एका रविवारी तिनंच आणला.
तिथं एक टेकडी आहे, वर जुनी घरं,
छतं एवढी उंच की ताडमाड माणूसही बुटका दिसावा.
कारण आत माग असायचे, रेशमाचे,
माथ्यावर पुठ्ठ्यांची माळ. आपल्यासारखीच, अप्पा.
आणि जेकार्ड हे माणसाचं नाव आहे. इथलाच होता तो.

चाळीस वर्षं.
पुठ्ठा अडकला की मी त्या जेकार्डच्या
सात पिढ्यांचा उद्धार केला होता,
गिअर किंवा पिस्टनसारखा एखादा पार्ट समजून.
म्हटलं, त्याच्या घरच्यांना सांग, राग धरू नका.
कुठले घरचे, अप्पा?
असतील की कुणीतरी. शेजारी विचार.
आणि विणकर?
ती जरा घुटमळली. मग म्हणाली,
माग आता तिकीट काढून बघायला मिळतो.
मी आमच्या दोनांकडे बघितलं.
एकाची दोरी उंदरांनी कुरतडलेली.

परवाच्या शनिवारी तेजा काहीतरी रंगवत होता,
मान खाली, जिभेचं टोक बाहेर.
म्हटलं, बघ की रे इकडं, तुझा ताता आहे.
आताँ, ताता, तो म्हणाला.
मी म्हटलं, आता काय?
आताँ, आताँ! न गिळून, हात वर करून,
वैतागलेल्या म्हाताऱ्यासारखा.
श्रीलता आतून धावत आली, हाताला पीठ,
अप्पा, बोलला! तिकडचं बोलला! थांब म्हणतोय तुम्हाला!

मी उठून बटण बंद केलं.
शेड एकदम गप्प झाली.
भूदेवी चुलीवरचं टाकून दारात आली,
काय झालं वो, धागा तुटला का?
नाही, म्हटलं,
तेजा थांब म्हणालाय.